दृष्टिभयाचा हिशेब

डोंगराच्या सोंडेवरून आम्ही बाराजण रांगेनं चाललो होतो. वाट बरी होती, घसारा नाही, वारा नाही. एका वळणावर डाव्या हाताची झुडपं संपली आणि तिथे नुसती हवा उरली. माझे पाय जे थांबले ते थांबलेच. वाटेवरचं गवत दोन्ही मुठींत धरून मी चक्क खाली बसलो. मागून ठरलेला सल्ला आला, "काका, काही नाही हो, मनाचे खेळ असतात. खाली बघू नका."

मनाचे खेळ हे अर्धंच खरं. आपल्याकडचे गिर्यारोहक या प्रकाराला 'दृष्टिभय' म्हणतात. हा शब्द पहिल्यांदा ज्यानं वापरला त्याला दुखण्याची जागा बरोबर सापडली होती, कारण भय मनात मुक्कामाला येत असलं तरी बऱ्याचदा ते शिरतं डोळ्यांतून.

आपण 'स्थिर' उभे असतो तेव्हा खरं तर डुलत असतो. तळहातावर उभी काठी तोलून बघा, हात सतत हलवावा लागतो. घोट्यांवर उभं असलेलं आपलं शरीर तसंच आहे. ते थोडं पुढे कलतं, पोटऱ्या त्याला मागे ओढतात, मग ते किंचित मागे जातं. अशी सेंटिमीटरभर झुल दिवसभर चालू असते आणि आपल्याला तिचा पत्ताही नसतो. मेंदूला मात्र असतो, कारण त्याच्याकडे तीन खबरे आहेत: आतला कान, तळपाय आणि सांध्यांमधल्या संवेदना, आणि डोळे. यातले डोळे फार वजनदार. 1974 मध्ये डेव्हिड ली आणि एरिक अ‍ॅरन्सन यांनी भिंती सरकवता येतील अशी एक खोली बनवली. जमीन जागची हलत नव्हती, फक्त भिंती पुढे किंवा मागे सरकत. नुकतीच उभी राहायला शिकलेली बाळं भिंत सरकताच डुलली, अडखळली, काही तर तोल जाऊन पडली. कान आणि पाय 'सगळं ठीक आहे' म्हणत होते, पण मेंदूनं ऐकलं डोळ्यांचं.

आता कड्यावर या. डोळ्यांना आपली झुल कळते ती आसपासच्या वस्तू सरकताना दिसतात म्हणून. समजा तुमचं डोकं एक सेंटिमीटर बाजूला गेलं. एक मीटरवरचा दगड तुमच्या नजरेत साधारण 0.57 अंशानं सरकेल, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्रबिंबाच्या रुंदीहून थोडा जास्तच. डोळ्याला हे सहज दिसतं. तोच दगड शंभर मीटर खाली दरीत असेल तर सरकणं शंभरपटीनं कमी, 0.0057 अंश. इतक्या लहान कोनासाठी कला आणि विकला ही मापं सोयीची (पंचांगातून उचलावी अशी मला वाटणारी एवढीच गोष्ट). एका अंशाच्या 60 कला, एका कलेच्या 60 विकला. आपला दगड सरकला सुमारे 20 विकला. निरोगी डोळ्याला शेजारचे दोन ठिपके वेगळे दिसायला त्यांच्यात साधारण एक कला, म्हणजे 60 विकला अंतर लागतं. हिशेब ढोबळ आहे, हालचाल टिपण्यात डोळा याहून हुशार असतो. तरी मुद्दा पोचावा. जमीन दूर गेली की तिसरा खबऱ्या जवळपास मुका होतो. कान आणि पाय म्हणतात 'हललो', डोळे म्हणतात 'कुठे? जागेवरच तर आहोत'. डोळ्यांनी दखल घ्यावी इतकी झुल व्हायची तर शरीराला आणखी डुलावं लागतं, आणि ते खरंच डुलतं. थॉमस ब्रांट या जर्मन मज्जाविकारतज्ज्ञानं सहकाऱ्यांसोबत 1980 मध्ये उंचीवरच्या गरगरण्याचं हेच स्पष्टीकरण मांडलं.

म्हणजे कड्यावर 'तोल जातोय' असं वाटतं तेव्हा तो खरोखरच थोडा ढिला झालेला असतो. यात भित्रेपणा नाही, भूमिती आहे.

भीती येते ती याच्यावर. ती आली की माणूस लाकडासारखा ताठतो, घोटे आखडतात, श्वास अडकतो, आणि एरवी आपोआप चालणारं पाऊल 'आता डावं, आता उजवं' असं मोजून टाकायला लागतो. जिना उतरताना पायांकडे लक्ष दिलं की अडखळायला होतं, तसंच. बहुतेकांना वाटतं की आता आपण भोवळ येऊन पडणार. पण उंचीच्या भीतीत सहसा नाडी आणि रक्तदाब वाढतात, आणि बेशुद्धीसाठी रक्तदाब घसरावा लागतो. शुद्ध हरपण्याबद्दल प्रसिद्ध आहे ती रक्त किंवा सुई बघण्याची भीती. हे मला गवत धरून बसलेलं असताना आठवलं. फार उपयोग झाला नाही, पण आठवलं.

आमच्यातल्या एकानं तेवढ्यात हलक्या आवाजात सांगितलं की काही दऱ्या माणसाला 'ओढतात', जागाच तशी असते. हे मी लहानपणापासून ऐकतोय. दरी कुणाला ओढत नाही, गुरुत्वाकर्षण सोडलं तर, आणि ते स्वयंपाकघरातही तेवढंच असतं. मात्र 'उडी मारावीशी वाटली' हा अनुभव खोटा नाही. 2012 मध्ये जेनिफर हेम्स आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना याबद्दल विचारलं, तर आत्महत्येचा विचार कधी मनाला न शिवलेल्यांनीही असं झाल्याचं सांगितलं. संशोधकांचा कयास असा: शरीर विचार करण्याआधीच मागे सरतं, आणि मन नंतर त्याचा अर्थ लावतं, 'मी दचकून मागे आलो, म्हणजे मला उडी मारायची होती की काय?' हा कयासच आहे, पण भुतापेक्षा बरा.

आता 'खाली बघू नका'बद्दल. दरीत बघू नका, हे ठीक. पण पायाजवळची जमीन जरूर बघा, कारण अर्धा अंश सरकणारे दगड तिथेच आहेत. समोरच्याच्या पाठपिशवीवर नजर ठेवायला सांगतात, तेही मला पटत नाही. पिशवी स्वतःच डुलते, तिच्यावरून आपली झुल कशी कळणार? न हलणारा दगड पकडावा. सरकणाऱ्या ढगांकडे तर मुळीच बघू नये.

सगळ्यात आवडता उपाय मात्र बोटाचा. जॉन जेका आणि जेम्स लॅकनर यांनी 1994 मध्ये दाखवलं की स्थिर पृष्ठभागाला बोटाचं टोक नुसतं टेकवलं, अगदी शंभर ग्रॅमपेक्षा कमी दाबानं, तरी शरीराची झुल चांगलीच कमी होते. एवढ्याशा दाबानं शरीराला आधार मिळत नाही. मिळते ती बातमी: बोटाच्या त्वचेवर जे घासतं त्यावरून आपण किती आणि कुठे कललो ते मेंदूला कळतं. मुक्या झालेल्या खबऱ्याच्या जागी नवा खबऱ्या रुजू होतो. काठी टेकवण्याचा फायदाही काही अंशी असाच. म्हणून घाबरलेल्याला हात धरून ओढू नका. ओढणारा हात हलतो, खडक हलत नाही.

कायमचा उपाय सावकाशीचाच. जर्मन कवी गटे 1770 च्या सुमारास स्ट्रासबर्गच्या कॅथेड्रलच्या मनोऱ्यावर पुन्हा पुन्हा चढून बसत असे, भीती विरेपर्यंत. 2018 मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी 100 जणांवर केलेल्या चाचणीत डोळ्यांवरच्या आभासी-वास्तव चष्म्यात (व्हीआर) दिसणाऱ्या उंचीवर टप्प्याटप्प्यानं नेलेल्यांची भीती सरासरी 68 टक्क्यांनी उतरली. तत्त्व गटेचंच, चष्मा नवा. शनिवारी नाव नोंदवा, रविवारी भीती गायब, असल्या जाहिरातींचा याच्याशी संबंध नाही.

त्या दिवशी मी उजव्या हाताचं एक बोट कातळावर टेकवून ते वळण पार केलं. सहा मिनिटं लागली असतील. मागचे सगळे थांबले, कुणी काही बोललं नाही, आणि तीच त्यांची मोठी मदत. परतताना तिथे थांबून वाटेची रुंदी काठीनं मोजली. पाऊण काठी भरली. जाताना ती मला वीतभर दिसली होती.