मद्यसेवन, मद्यवर्जन आणि प्राण्यांचा मेंदू

उंदीर, घुशीच्या कुळातले पांढरे उंदीर (रॅट) आणि माकडे यांना ठरावीक काळ अल्कोहॉल देऊन, मग ते थांबवून, मेंदूत काय घडते हे पाहणारी चेताविज्ञानातील अभ्यासशाखा. माणसांत हे प्रश्न सोडवणे अवघड जाते. कोण किती वर्षे किती प्यायला, पोटात अन्न होते का, डोक्याला पूर्वी मार लागला होता का, मुळात मेंदूच वेगळा होता का, हे सगळे एकमेकांत गुंतलेले असते. प्राण्यांत मात्र मात्रा, वय आणि वंश हाती ठेवता येतात आणि दारू सुटल्यानंतरचा मेंदू दिवसागणिक तपासता येतो. या अभ्यासातून पुढे आलेली सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, दारू थांबली म्हणजे मेंदू आपोआप पूर्वपदावर जाऊन बसत नाही. वर्जनाच्या काळात त्यात नव्याने बरेच काही घडते. काही भरून येते, काही आणखी बिघडते.

प्रयोगांच्या पद्धती. कर्ट रिश्टर आणि कॅम्पबेल यांनी 1940 मध्ये उंदरांना पाणी आणि अल्कोहॉल यांतून निवड करू दिली. दोन बाटल्यांची ही साधी पद्धत अजून वापरात आहे. पुढे दिसले की आवड वंशानुसार बदलते : सी 57 ब्लॅक 6 जातीचे उंदीर आपणहून पितात, तर डीबीए 2 जातीचे टाळतात. बहुतेक प्राणी अवलंबित्व येण्याइतके स्वतःहून पीत नाहीत, त्यामुळे अल्कोहॉलची वाफ सोडलेल्या पेटीत त्यांना ठेवतात किंवा नळीने थेट जठरात अल्कोहॉल देतात. मायक्रोविच यांनी 1975 मध्ये मांडलेली चार दिवसांच्या जबर मात्रेची पद्धत याच दुसऱ्या प्रकारची. प्राण्याने स्वतः पिणे आणि त्याला पाजणे हा फरक निष्कर्ष वाचताना कधीही विसरू नये.

सेवनाचा परिणाम. अल्कोहॉल मेंदूतील गाबा या शामक रसायनाच्या ग्राहींचे (पेशींवर रसायन टिपणाऱ्या प्रथिनांचे) काम वाढवते आणि ग्लुटामेट या उत्तेजक रसायनाच्या एनएमडीए ग्राहींना अडवते. रोजच हा दाब पडू लागला की मेंदू उलट्या दिशेने जोर लावतो. एनएमडीए ग्राहींची क्रिया वाढते, गाबा ग्राहींचे घटक बदलतात आणि त्यांची शामक शक्ती उणावते. प्राणी तेवढ्याच मात्रेने पूर्वीसारखा झिंगत नाही, तो यामुळे. जबर मात्रेच्या प्रयोगांत काही दिवसांतच वासाची माहिती घेणारा गंधकंद आणि स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पसला माहिती पुरवणारा एंटोऱ्हायनल भाग यांतील चेतापेशी मरताना दिसतात. हिप्पोकॅम्पसमध्ये प्रौढपणीही नव्या चेतापेशी जन्मत असतात. तो जन्मदरही घटतो.

पहिले काही दिवस. अल्कोहॉल गेले तरी मेंदूने लावलेला उलटा जोर तसाच राहतो, आणि आता त्याला अडवणारे काहीच नसते. डोरा गोल्डस्टाइन आणि पाल यांनी 1971 मध्ये दाखवले की काही दिवस अल्कोहॉलच्या वाफेत राहिलेल्या उंदराला वर्जनानंतर शेपटीने अलगद उचलले तरी त्याला झटके येतात, आणि त्या झटक्यांच्या तीव्रतेवरून अवलंबित्व मोजता येते. सेवन-वर्जनाची चक्रे पुन्हापुन्हा झाली की दर खेपेला झटके वाढतात. याला ‘किंडलिंग’ म्हणतात : लहान काटक्या पेटत पेटत मोठा ओंडका धरतो तसे. दारू वारंवार सोडणे आणि पुन्हा धरणे हे मेंदूच्या दृष्टीने आधीच्या ठिकाणी परतणे नव्हे, हे यातून फार स्पष्ट होते.

याच दिवसांत भीती-चिंतेशी निगडित अमिग्डालामध्ये सीआरएफ हे ताणाशी निगडित पेप्टाइड वाढते आणि सुखाच्या अनुभवाशी निगडित न्यूक्लियस अ‍ॅकम्बन्समधील डोपामाइन हे रसायन खाली जाते. प्राणी उघड्या जागेत जायला बिचकतो, गोड पाण्यातही रमत नाही. पूर्वी मौजेसाठी होणारे पिणे आता त्रास शमवण्यासाठी होऊ लागते, हा अमेरिकी चेतावैज्ञानिक जॉर्ज कूब यांचा सिद्धान्त मुख्यतः अशाच निरीक्षणांवर उभा आहे.

दीर्घ वर्जन. येथे चित्र गुंतागुंतीचे होते आणि म्हणूनच ते अधिक लक्षपूर्वक पाहण्याजोगे आहे. किंबर्ली निक्सन आणि फुल्टन क्रूज यांनी 2004 मध्ये दाखवले की चार दिवसांच्या जबर मात्रेनंतर, वर्जनाच्या सातव्या दिवसाच्या सुमारास, उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये पेशीविभाजनाला एकदम उधाण येते आणि त्यातून नव्या चेतापेशी तयार होतात. ही दुरुस्तीची चाहूल म्हणता येईल. पण 2009 मधील दुसऱ्या एका अभ्यासात, अनेक आठवडे स्वतःहून पिणाऱ्या उंदरांची दारू बंद केल्यावर दोन आठवड्यांनी नैराश्यसदृश वर्तन वाढलेले आणि नव्या पेशींचे प्रमाण घटलेले आढळले; डेसिप्रामिन हे नैराश्यावरील औषध दिल्यावर दोन्ही सुधारले. हे दोन निष्कर्ष एकमेकांना खोडत नाहीत. मात्रा वेगळी, देण्याची रीत वेगळी, तपासणीचा दिवस वेगळा. ‘सोडले की मेंदू भरून येतो’ किंवा ‘कधीच येत नाही’ असे एका वाक्यात सांगणारा या पुराव्यावर अन्याय करतो.

डोपामाइनचेही असेच. 2016 च्या एका अभ्यासात सुरुवातीला खाली गेलेली उंदरांची डोपामाइन व्यवस्था वर्जनाच्या तिसऱ्या आठवड्यात उलट अतिसक्रिय आढळली. मेंदूचे भाग जोडणाऱ्या श्वेतद्रव्याबाबत 2019 मध्ये उंदीर आणि माणसे यांची एकत्र तपासणी झाली, आणि चेतातंतूंच्या जुडग्यांतील बदल वर्जनाच्या पहिल्या सहा आठवड्यांतही पुढे सरकत असल्याचे दोघांतही दिसले.

तलफ तर वेगळ्याच घड्याळाने चालते. डेव्हिड सिंक्लेअर आणि सेंटर यांनी 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात नोंदवले की काही काळ अल्कोहॉल न मिळालेले उंदीर ते पुन्हा मिळताच पूर्वीपेक्षा अधिक पितात. या वंचनपरिणामाचा उपयोग आजही औषधे पारखण्यासाठी होतो. अकॅम्प्रोसेट हे व्यसनमुक्तीचे औषध तो कमी करते.

वयाचा भाग. किशोरवयीन मेंदूचे नुकसान अधिक टिकाऊ दिसते. अकरा महिने मद्यपान केलेल्या किशोरवयीन ऱ्हीसस माकडांत, दोन महिने वर्जनानंतरही हिप्पोकॅम्पसमधील नव्या चेतापेशींची निर्मिती घटलेलीच होती (2010). किशोरवयात अल्कोहॉल दिलेल्या उंदरांत अग्रमेंदूच्या तळाशी असलेल्या, अ‍ॅसिटिलकोलीन हे संदेशवाहक रसायन वापरणाऱ्या पेशी प्रौढपणीही कमी आढळतात. दिलासा देणारी गोष्ट म्हणजे चाकावर धावण्याच्या व्यायामाने ही घट भरून आल्याचे प्रयोग आहेत.

मर्यादा. उंदराचे यकृत अल्कोहॉल माणसापेक्षा वेगाने निकाली काढते, त्यामुळे मात्रांची थेट तुलना करता येत नाही. सीआरएफ ग्राही अडवणाऱ्या औषधांनी अवलंबित उंदरांचे पिणे कमी केले, पण माणसांवरील चाचण्यांत त्यांनी तलफ शमवली नाही. हा या क्षेत्राला बसलेला मोठा धक्का होता. शिवाय गोड पाण्याचा पर्याय समोर ठेवला तर बहुतेक उंदीर अल्कोहॉल सोडतात. 2018 मध्ये, पर्याय असूनही अल्कोहॉलच निवडणारे सुमारे 15 टक्के उंदीर वेगळे काढून त्यांचा मेंदू तपासला गेला, तेव्हा अमिग्डालाच्या मध्यभागात गाबा वाहून नेणारे जीएटी-3 हे प्रथिन कमी आढळले. सरसकट सगळ्या उंदरांची सरासरी काढण्याऐवजी अशा मोजक्या प्राण्यांकडे पाहण्याकडे संशोधन आता वळले आहे.