गाठ दुखत नाही, म्हणजे साधीच?

‘स्तनातली गाठ दुखत नसेल तर घाबरायचं कारण नाही’ हा निरोप वर्षानुवर्षं फिरतोय. पटतोही, कारण दुखलं की आजार, अशीच आपली सवय. प्रत्यक्षात कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुतेकदा दुखत नाही. पाळीआधीचं दुखणं मात्र बहुधा संप्रेरकांमुळे (हार्मोन्समुळे) असतं.

घरी स्वतः स्तन तपासायचे तर पाळी संपल्यावर दोन-चार दिवसांनी. पाळी कायमची थांबली असेल तर महिन्याची एक तारीख धरा. मधल्या तीन बोटांनी, नखांकडून नव्हे तर पेरांच्या मऊ बाजूने, गोल फिरवत थेट काखेपर्यंत चाचपा (काख हमखास राहते). आरशात स्तनाच्या त्वचेवर खळी किंवा नव्याने आत ओढलेलं स्तनाग्र दिसतं का पाहा.

नवं काही जाणवलं तर, दुखो न दुखो, डॉक्टरांना दाखवा. बहुतेक गाठी साध्याच निघतात, पण ते सोनोग्राफी, मॅमोग्राफी (स्तनाचा एक्स-रे), गरज पडल्यास सुईने गाठीतला नमुना काढून केलेल्या तपासणीवर ठरतं.