फुलीच्या टाक्यातली अक्षरे : मिशन शाळांमधले सॅम्पलर

सॅम्पलर म्हणजे टाक्यांची आठवण राहावी म्हणून भरलेले कापड. सतराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये ती अरुंद, लांब पट्टी असे. नवा नमुना दिसला की तिच्यावर उतरवायचा आणि गुंडाळून ठेवायची. अठराव्या शतकात तिचा शाळेतला पाठ झाला. कापड चौकोनी झाले आणि त्यावर बाराखडीसारखी इंग्रजी मुळाक्षरे, आकडे, एखादे वचन, चहूबाजूंनी किनार, खाली मुलीचे नाव आणि साल येऊ लागले. अक्षरांमागे व्यवहार होता. धुण्याला जाणाऱ्या चादरी-रुमालांवर मालकाची आद्याक्षरे व क्रमांक दोऱ्याने घालत, आणि हे काम येणाऱ्या मुलीला घरकामाची नोकरी मिळे.

मिशनऱ्यांच्या बायका आणि शिक्षिका हाच पाठ घेऊन इकडे आल्या. अमेरिकन मिशनने मुंबईत मुलींची शाळा १८२४ साली काढली. त्याच वर्षी श्रीलंकेत जाफन्याजवळ उडुविलला मुलींची निवासी शाळा सुरू झाली. मार्गारेट विल्सन यांच्या मुंबईतल्या शाळा १८२९ पासूनच्या. वाचनाबरोबर शिवण या शाळांच्या दिनक्रमात होती. आजच्या तमिळनाडूतल्या नागरकोइलला मार्था मॉल्ट यांनी १८२०च्या सुमारास लेस विणायला शिकवली. तिथे विक्रीचा हेतू उघड होता. सॅम्पलर मात्र विकण्यासाठी नव्हता. मुलगी काय शिकली हे पाहणाऱ्यांना, आणि परदेशातल्या देणगीदारांना, दाखवायचा तो पुरावा होता. १८६२च्या शाळा-अनुदानाच्या संहितेने (नियमावलीने) इंग्लंडमधल्या अनुदानित शाळांत मुलींना साधी शिवण सक्तीची केली. त्यानंतरच्या काळात अक्षरांपेक्षा काज, ठिगळ, रफू आणि बाहुलीच्या मापाचे झबले यांना जास्त महत्त्व आले.

सुई मिशनने आणली, असे मात्र म्हणू नये. धारवाडकडचे कसुती हे भरतकाम धागे मोजूनच करतात. तिच्यातली मेंथी म्हणजे फुलीचाच टाका, आणि गवंती तर दोन्ही बाजूंनी सारखी दिसते. मोजणीचा टाका दख्खनला परका नव्हता. नवे होते ते कापडावर शाळकरी मुलीने स्वतःचे नाव घालणे. मला या कापडांमधली सर्वांत मोलाची गोष्ट हीच वाटते.

काम असे चाले. इंचाला २८ धागे असलेल्या कापडावर दोन धाग्यांवर एक फुली घेतली, तर इंचात १४ फुल्या बसतात. रोमन अक्षर पाच फुल्या रुंद आणि मध्ये दोन मोकळ्या धरल्या, तर २६ अक्षरांना १८२ फुल्या, म्हणजे १३ इंच लागतात. म्हणून ओळ अर्ध्यात तुटते. देवनागरी आणखी अवघड. अंगाला सात, वर वेलांटी-मात्रेला तीन, खाली उकाराला तीन, अशा १३ फुल्यांची उंची हवी. शिरोरेघ सरळ निघते, पण ‘श’ किंवा ‘ळ’ची गोलाई चौकटीत बसवताना पायऱ्या पडतात.

दोरा हातभर पुरे. लांब घेतला की कापडातून ओढून ओढून विरतो. गाठ मारायची नाही, शेवट मागच्या टाक्यांखाली दाबायचा. प्रत्येक फुलीचा वरचा टाका एकाच दिशेला हवा, नाहीतर चकाकी तुटक दिसते. काळा दोरा मागून एका अक्षरावरून दुसऱ्याकडे नेला तर पुढून सावली दिसते. किनारीत एक धागा चुकला तर लगेच कळत नाही. चौथ्या कोपऱ्यावर टोके जुळत नाहीत तेव्हा कळते, आणि उसवावे लागते. हातमागाच्या कापडात उभे-आडवे धागे सारखे नसले तर अक्षरे ताणलेली किंवा चेपलेली दिसतात. भरणारीचा त्यात दोष नसतो.

घरात किंवा चर्चच्या कपाटात असे कापड सापडले तर धुऊ नका; लाल रंग पसरू शकतो. लोहयुक्त रंगाचा काळा-तपकिरी रेशमी दोरा बहुधा आधीच कुजलेला असतो आणि तिथे फक्त सुईची भोके उरतात. भोके मोजूनही अक्षर वाचता येते, म्हणून त्यांवर नवा दोरा भरू नये. काच कापडाला टेकू देऊ नका. कोकणातल्या दमट हवेत बुरशी तिथूनच धरते. मागे लाकडी फळी असेल तर काढून आम्लमुक्त पुठ्ठा घाला, कारण फळीतल्या आम्लाने कापडावर तपकिरी डाग उठतात. आणि चौकटीत बसवण्यासाठी कडा कापू नका. नाव आणि साल बहुतेक वेळा तळाच्या ओळीतच असते.