‘दुदू’ हा शब्द कोणाचा? अंगावर पिणाऱ्या मुलांच्या बोलीची पार्श्वभूमी

‘स्तनपान’ हा शब्द दवाखान्याच्या भिंतीवर असतो, पाठ्यपुस्तकात असतो, शासनाच्या परिपत्रकात असतो. पण ज्याच्यासाठी तो योजलेला असतो, त्या बाळाच्या तोंडी तो कधीच येत नाही. दीड वर्षाचे मूल आईच्या मांडीवर चढते, पदर ओढते आणि ‘दुदू’ म्हणते. घरातले सगळे त्याच शब्दाने त्याला उत्तर देतात आणि काही काळ तो त्या घरापुरता अधिकृत शब्द होतो. हा शब्द मुलाने घडवला की मोठ्यांनी त्याच्या तोंडी घातला, हा प्रश्न जुना आहे, आणि त्याच्या उत्तराच्या शोधात मराठीचाही वाटा आहे.

मुळात असा शब्द जन्माला येण्यासाठी एक अट पुरी व्हावी लागते: मूल बोलू लागेपर्यंत अंगावर पीत असले पाहिजे. पूर्वी बहुतेक समाजांत ते पीत असे. कुराणाच्या दुसऱ्या सूऱ्यात पूर्ण दोन वर्षे दूध पाजण्याचा उल्लेख आहे, आणि आजची जागतिक आरोग्य संघटनाही पहिले सहा महिने केवळ आईचे दूध आणि पुढे पूरक आहाराबरोबर दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ ते चालू ठेवण्याची शिफारस करते. याच्या उलट टोकाला 1780 चे पॅरिस होते. त्या वर्षी तेथील पोलीसप्रमुख लनुआर यांनी नोंदवले की शहरात वर्षाला जन्मणाऱ्या सुमारे 21,000 मुलांपैकी जेमतेम 1,000 मुलांना त्यांच्या आया पाजतात; बाकीची बहुतेक गावोगावच्या दायांकडे धाडली जातात. अशा मुलांचे दुधाचे पहिले शब्द आईच्या नव्हे, तर दाईच्या कानांवर पडत असणार, हे वाचताना मन हेलावते.

संस्कृतात या क्रियेसाठी ‘धे’ हा स्वतंत्र धातू आहे. दूध पाजणारी ती ‘धेनु’, बाळाला पाजणारी ती ‘धात्री’, आणि अंगावर पिणारे मूल ‘स्तनंधय’. हा शेवटचा शब्द सिद्ध करण्यासाठी पाणिनीने ‘नासिकास्तनयोर्ध्माधेटोः’ असे सूत्रच केले आहे. मांधात्याची कथाही याच धातूवर उभी आहे. युवनाश्व राजाने मंत्रवलेले पाणी स्वतःच पिऊन टाकले, त्याच्या कुशीतून मुलगा जन्मला, आणि हे बाळ आता काय पिणार असा प्रश्न देवांना पडला. तेव्हा इंद्राने आपली तर्जनी त्याच्या तोंडात दिली आणि ‘मां धास्यति’, म्हणजे हा मला पिईल, असे म्हटले. त्यावरूनच त्याचे नाव मांधाता पडले. ज्याला आईच नाही अशा मुलाचे नाव दूध पिण्याच्या क्रियापदावरून पडावे, यात मोठी करुणा आहे. मराठीने या वारशातून ‘स्तन’चे प्राकृत रूप ‘थण’ घेऊन ‘थान’ केले आणि ‘प्रस्नव’चा ‘पान्हा’ केला. मात्र हे सारे मोठ्यांचे शब्द आहेत. मुलांचे बोल लिहून ठेवण्याजोगे आहेत असे फार थोड्यांना वाटले.

त्या थोड्यांपैकी एक म्हणजे इसवी सनपूर्व पहिल्या शतकातील रोमन पंडित व्हारो. मुले पेयाला ‘बुआ’, खाण्याला ‘पप्पा’, आईला ‘मम्मा’ आणि वडिलांना ‘टाटा’ म्हणतात, अशी त्याची नोंद एका उत्तरकालीन व्याकरणकाराने उद्धृत केल्यामुळे वाचली. लॅटिनमध्ये ‘मम्मा’चा अर्थ आई असा होता, तसाच स्तन असाही होता. रोममधील थडग्यांवरच्या लेखांत तर जन्मदात्यांखेरीज मुलांना सांभाळणाऱ्या माणसांनाही ‘मम्मा’ आणि ‘टाटा’ म्हटलेले आढळते. म्हणजे हा शब्द नात्याला चिकटण्यापूर्वी दुधाला आणि मायेला चिकटलेला होता, असे मला वाटते. निसर्गशास्त्रज्ञ कार्ल लिनियसने 1758 मध्ये प्राण्यांच्या एका संपूर्ण वर्गाला ‘मॅमेलिया’ हे जे नाव दिले, ज्याला आपण ‘सस्तन’ म्हणतो, ते याच ‘मम्मा’वरून घडवलेले आहे.

एकाच मुलाकडे बारकाईने पाहून केलेल्या नोंदींत चार्ल्स डार्विनची नोंद विशेष मोलाची आहे. 1839 च्या डिसेंबरात जन्मलेल्या आपल्या थोरल्या मुलाची त्याने टिपणे ठेवली होती आणि ती 1877 मध्ये प्रसिद्ध केली. बत्तिसाव्या दिवशी आईची छाती तीन-चार इंचांवर असतानाच बाळाने ओठ पुढे काढले, हे त्याने लिहून ठेवले. पुढे बरोबर एक वर्षाचा असताना त्या मुलाने खाण्यासाठी ‘मम्’ हा शब्द काढला. तो त्याला कोठून सुचला हे आपल्याला उमगले नाही, असे डार्विन प्रांजळपणे सांगतो. भूक लागली की रडण्याऐवजी मूल ‘मम्’ म्हणू लागले, साखरेला ‘शु-मम्’ म्हणू लागले, आणि काळा हा शब्द शिकल्यावर ज्येष्ठमधाच्या गोळीला ‘ब्लॅक-शु-मम्’. एका अक्षरातून मुलाने स्वतःचा छोटा शब्दसंग्रह उभा केला, हे येथे डोळ्यांसमोर घडताना दिसते.

या ‘म’चे कारण भाषाशास्त्रज्ञ रोमान याकबसन यांनी 1960 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात मांडले. जगभरच्या भाषांतून गोळा केलेल्या 1,072 शब्दांच्या संग्रहात आईसाठीच्या निम्म्याहून अधिक शब्दांत ‘म’, ‘न’ यांसारखे अनुनासिक व्यंजन होते. याकबसन यांचे स्पष्टीकरण असे की ओठ स्तनावर दाबलेले आणि तोंड भरलेले असताना बाळाला फक्त नाकातून हुंकार काढता येतो. तोच हुंकार पुढे दूध दिसताच निघू लागतो, मग नुसत्या भुकेने निघतो, आणि शेवटी जी भूक भागवते तिचे नाव होतो. बाळाला पाजताना तो हुंकार ज्याने जवळून ऐकला आहे, त्याला हे स्पष्टीकरण पटायला वेळ लागत नाही.

तरीही सगळे श्रेय बाळाला देता येत नाही. भाषाशास्त्रज्ञ चार्ल्स फर्ग्युसन यांनी 1964 मध्ये सहा भाषांतील बालबोलींची, म्हणजे बाळाशी बोलताना वापरल्या जाणाऱ्या बोलींची, तुलना केली, त्या सहांत अरबी, स्पॅनिश, इंग्रजी, कोमांची आणि गिल्याक यांच्याबरोबर मराठी होती. त्याच वर्षी अशोक केळकर यांचा मराठी बालबोलीवरचा स्वतंत्र लेखही प्रसिद्ध झाला. फर्ग्युसन यांचे म्हणणे असे की बालबोली ही मोठ्यांनीच पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेली रूढी आहे; आजी ती आईला देते आणि आई बाळाला. मराठी घरात याचा पडताळा सहज येतो, कारण बाळाला पहिला दात येण्याच्या कितीतरी आधीपासून त्याच्याशी ‘मंमं’, ‘गाई’, ‘भूर’, ‘बाऊ’ या शब्दांत बोलणे सुरू झालेले असते.

मराठीत एक सूक्ष्म वाटणी झालेली दिसते. याकबसन यांनी दुधाशी जोडलेला ‘म’ आपल्याकडे ‘मंमं’ होऊन मऊ वरणभाताकडे गेला आणि दुधासाठी ‘दुदू’ राहिला. ‘दुग्ध’चे प्राकृतात ‘दुद्ध’ झाले आणि त्याचे पुढे ‘दूध’. त्यातला महाप्राण ‘ध’ लहान जिभेला जड, म्हणून तो गळाला आणि अक्षर दुणावले. दक्षिणेकडे वाटणी वेगळी पडली: तमिळमधला ‘अम्मम्’ आणि मल्याळममधला ‘अम्मिञ्ञ’ हे शब्द आईच्या दुधाशी बांधलेले राहिले. फ्रेंच मुले दुधाला ‘लोलो’ म्हणतात, तर जपानी मुलांचा ‘ओप्पाई’ हा शब्द स्तन आणि दूध दोन्हींना चालतो. मराठी ‘दुदू’चेही तसेच आहे. मुलाच्या लेखी दूध आणि ते जिथून येते ती जागा या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत.

मोठ्यांना मात्र त्या जागेचे नाव घ्यायला संकोच वाटत आला आहे. 1956 मध्ये अमेरिकेतील इलिनॉय राज्यात सात आयांनी स्तनपानाला आधार देणारी संघटना काढली, तेव्हा स्तन हा शब्द वर्तमानपत्रात छापणे प्रशस्त मानले जात नव्हते; म्हणून त्यांनी फ्लोरिडातील एका मेरीमातेच्या देवस्थानाच्या नावातून दुधासाठीचा स्पॅनिश शब्द घेतला आणि ‘ला लेचे लीग’ हे नाव ठेवले. आपल्याकडे ‘अंगावर पाजणे’ आणि ‘पदराखाली घेणे’ या शब्दप्रयोगांनी हेच काम केले. एसटी स्थानकांवरच्या पाजण्याच्या खोलीला ‘हिरकणी कक्ष’ म्हणतात, तेव्हा तान्ह्यासाठी रायगडाचा कडा उतरलेल्या आईचे नाव त्या खोलीला मिळते आणि न उच्चारलेला शब्दही सगळ्यांना कळतो.

रूढ शब्दांच्या या चौकटीत मूल स्वतःची भर घालते, आणि तीच मला सर्वांत मोलाची वाटते. माझी भाची एका बाजूचे दूध संपले की तोंड बाजूला करून ‘दुसलं’ म्हणत असे. हा शब्द तिला कोणी शिकवला नव्हता. पाजताना आई ‘आता दुसरं’ म्हणायची, त्यातून तिने तो उचलला होता. पुढे बरेच दिवस तिच्या लेखी दुसलं म्हणजे फक्त उजवीकडचे दूध, मग सुरुवात कुठूनही होवो.

अंगावरचे तोडण्याची वेळ आली तेव्हा तिच्या आईने, तिच्या आजीने केले होते तसेच, कडुनिंबाचा पाला वाटून लावला आणि तिला सांगितले की दुदूला बाऊ झाला. मुलीने एकदा चाखून पाहिले, तोंड वेडेवाकडे केले आणि पदर स्वतःच्या हाताने पुन्हा नीट झाकला. दुसऱ्या दिवसापासून ती येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला गंभीरपणे ‘दुदू बाऊ’ असे सांगू लागली. दोन शब्द जोडून तिने केलेले ते पहिले वाक्य होते. आठवड्याभराने पेल्यातल्या गाईच्या दुधालाही ती दुदू म्हणू लागली. ‘दुसलं’ मात्र तिच्या तोंडून पुन्हा ऐकू आले नाही.