न पुसलेला बिट आणि थिजलेली स्क्रीन

लिनक्स लॅपटॉपवर गाणं चालू आहे, दुसऱ्या मशीनवरून लॉगिनही होतंय, पण स्क्रीन थिजलेली. दहा सेकंदांनी चित्र एक झटका खाऊन पुढे सरकतं आणि पुन्हा थिजतं. कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, लॉगमध्ये ओळ दिसते: ‘फ्लिप डन टाइम्ड आउट’, म्हणजे चित्र बदलल्याचा निरोप वेळेत आला नाही. पहिला संशय पॅनलवर किंवा केबलवर जातो, आणि तो बहुधा चुकीचा असतो. पॅनलला चित्र मिळतंच आहे. अडलंय ते ग्राफिक्स चिपचा निरोप ड्रायव्हरपर्यंत, म्हणजे ती चिप चालवणाऱ्या प्रोग्रॅमपर्यंत, पोचण्याचं.

१९२० बाय १०८० चं चित्र सेकंदाला ६० वेळा पाठवताना नेहमीच्या मापात एकूण ११२५ ओळी मोजल्या जातात. त्यातल्या १०८० दिसतात, उरलेल्या ४५ कोऱ्या. एका ओळीला १४.८ मायक्रोसेकंद, म्हणजे कोरा काळ सुमारे ६६७ मायक्रोसेकंदांचा. जुन्या पिक्चर ट्यूबमध्ये इलेक्ट्रॉनचा झोत तळातून पुन्हा वर न्यायला हा वेळ लागायचा. ट्यूब गेली, हा कोरा काळ म्हणजे ‘व्हीब्लँक’ राहिला. प्रोग्रॅम पुढची फ्रेम वेगळ्या बफरमध्ये (मेमरीच्या तुकड्यात) रंगवतो, ड्रायव्हर त्या बफरचा पत्ता चिपच्या रजिस्टरमध्ये (आकडा ठेवायच्या छोट्या जागेत) लिहितो, आणि चिप तो पत्ता व्हीब्लँक सुरू होताना उचलते. मग इंटरप्ट, म्हणजे प्रोसेसरला हातातलं काम थांबवायला लावणारा निरोप, येतो: नवं चित्र लागलं, जुना बफर मोकळा. हा इंटरप्ट हरवला तर प्रोग्रॅम वाट बघत बसतो. कर्नल दहा सेकंदांनी नाद सोडून पुढे जातो, तोच तो झटका.

चिपमध्ये इंटरप्टसाठी एक नोंदीचं रजिस्टर असतं. व्हीब्लँक, फ्लिप (बफर बदलणं), केबल जोडली किंवा काढली, अशा प्रत्येक घटनेला एक बिट. घटना घडली की बिट १ होतो आणि ड्रायव्हरने पुसेपर्यंत १ च राहतो. पुसण्यासाठी तिथे ० नव्हे, १ लिहायचा असतो. उलटं वाटतं, पण त्यात हुशारी आहे: जे बिट वाचले तेवढेच परत लिहिले, की मधल्या काळात आलेल्या नव्या घटनेला धक्का लागत नाही. आळसाने सगळेच बिट १ लिहिले, तर ती नवी घटना कोणी न वाचताच पुसली जाते.

एखादा बिट पुसायचा राहिला तर काय होईल, हे निरोप कुठल्या वाटेने जातो त्यावर ठरतं. उपकरणं जोडण्याच्या जुन्या पीसीआय पद्धतीत तार असते, आणि बिट १ आहे तोवर ती ओढलेलीच राहते. प्रोसेसर हँडलर, म्हणजे ड्रायव्हरचा इंटरप्ट हाताळणारा भाग, संपवून बाहेर पडतो न पडतो तोच पुन्हा आत. हँडलर ‘हा माझा नाही’ म्हणत राहिला तर लिनक्स हिशेब ठेवतो: एक लाख इंटरप्टांपैकी ९९,९०० हून अधिक बेवारस निघाले की ‘नोबडी केअर्ड’ असं लिहून ती तारच बंद. त्याच तारेवर यूएसबी बसलं असेल तर त्याचीही वाट लागते.

एमएसआय या नव्या पद्धतीत तार नाही. चिप मेमरीच्या ठरलेल्या पत्त्यावर एक छोटा निरोप लिहिते, आणि तोही संकेत ० वरून १ वर जाताना, एकदाच. दाराच्या टिंगटाँग बेलसारखं: पहिल्या पाहुण्याने बटण दाबूनच धरलं, तर दुसऱ्याने कितीही दाबलं तरी आत आवाज नाही. इथे न पुसलेला बिट गोंधळ घालत नाही, गप्प करतो.

इंटेलच्या आय९१५ ड्रायव्हरमध्ये व्हॅलीव्ह्यू चिपसाठी यावर केलेला उपाय बघण्यासारखा आहे. हँडलर आत शिरताच मास्टर इंटरप्ट (सगळ्यांचं मुख्य बटण) आणि डिस्प्लेचे इंटरप्ट सक्षम करणारं रजिस्टर, दोन्ही बंद करतो. मग आतली रजिस्टरं, म्हणजे प्रत्येक पाइपची (एका स्क्रीनला चित्र पुरवणाऱ्या भागाची) आणि हॉटप्लगची (केबल जोडल्या-काढल्याची), पुसतो. मुख्य नोंद सगळ्यात शेवटी, कारण ती आतल्यांचीच सावली असते. आधी पुसली तर लगेच पुन्हा १ होते. अखेरीस दोन्ही रजिस्टरं पूर्ववत. या गडबडीत एखादा बिट राहून गेला असला तरी ० वरून १ ची पायरी नव्याने तयार होते आणि निरोप पुन्हा निघतो. त्याहून जुन्या आय९६५ वर हॉटप्लगचे बिट वाचून पुसण्याची फेरी दहा वेळांपर्यंत केली जाते. सुरुवातीला नोंद कोरी करतानाही ती लागोपाठ दोनदा पुसतात, कारण तिथे दोन घटना रांगेत असू शकतात.

हँडलरमध्ये रेंगाळायचं नाही, हे वेगळं. मॉनिटर जोडल्यावर त्याची १२८ बाइटांची ओळख वाचायला १०० किलोहर्ट्झच्या आयस्क्वेअरसी वाटेवर ११ मिलिसेकंदांहून जास्त लागतात, म्हणजे फ्रेमचा दोन तृतीयांश वेळ. ते काम वर्कक्यूकडे, म्हणजे नंतर करायच्या कामांच्या रांगेकडे, सोपवायचं.

तपासणीची सुरुवात कर्नलची माहिती दाखवणाऱ्या प्रॉक फोल्डरमधल्या इंटरप्ट्स फाइलपासून करावी. व्हिडिओ चालू ठेवून ग्राफिक्स ड्रायव्हरच्या ओळीतले आकडे एका सेकंदाच्या अंतराने दोनदा बघा. एकच ६० हर्ट्झची स्क्रीन असेल तर वाढ साधारण ६० ची किंवा थोडी वर. हजारोंनी वाढ म्हणजे वादळ, शून्य म्हणजे बेल दाबून धरलेली. पण स्थिर स्क्रीनवर शून्य दिसलं तर घाबरू नका. व्हीब्लँक कोणालाच नको असेल तर कर्नल तो इंटरप्ट बंद करतो, मूळ सेटिंगमध्ये पाच सेकंदांनी.

शून्य खरंच संशयास्पद वाटलं तर बूटच्या वेळी पीसीआयच्या पर्यायात ‘नोएमएसआय’ देऊन बघा. स्क्रीन सुरळीत झाली, तर पुसण्याच्या क्रमातली चूक तारेने झाकली असण्याची शक्यता मोठी. तो पर्याय कायमचा मात्र ठेवू नका: एमएसआय सगळ्याच उपकरणांचं बंद होतं, आणि एनव्हीएमई डिस्कला प्रत्येक कोअरसाठी मिळणारे वेगळे इंटरप्टही त्यात जातात.