ठसा खिळ्यांच्या उंचीचा

शहापुरातली एक जुनी ट्रेडल प्रेस (पायाने चालवायचं छपाईयंत्र) बंद झाली तेव्हा शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, किलोवर गेले, आणि खालच्या खणात एक लाकडी ठसा मिळाला. लग्नपत्रिकेवरचा गणपती, काडेपेटीएवढा, सोंडेजवळ चिरलेला. मालक म्हणाले, ने की, कुणाला पाहिजे ते. तिथनं मला प्रायव्हेट प्रेसच्या, म्हणजे हौसेने थोड्याच प्रती छापणाऱ्या छोट्या छापखान्यांच्या, पुस्तकांचा नाद लागला.

त्यातल्या लाकडावर कोरलेल्या चित्रांचं मूळ इंग्लंडातल्या न्यूकॅसलच्या थॉमस बेविकमध्ये आहे. आधी लाकडी ठसे फळीवर सुरीने कोरायचे, रेघ बहुतेक जाड यायची. बेविकने बॉक्सवुड या कठीण लाकडाचं खोड आडवं कापून त्या तोंडावर तांबं कोरायच्या हत्याराने काम केलं, कोरलं ते पांढरं आणि उरलं ते काळं, अन् ठसा खिळ्यांच्याच उंचीचा असल्यामुळे इतकं बारीक चित्रही मजकुरासोबत एकाच दाबात छापून निघायचं! पक्ष्यांवरच्या त्याच्या पुस्तकाचा दुसरा भाग १८०४ चा. १८०५ मध्ये आपल्या शेजारी मिरजेत गीता छापली, ती मात्र पानच्या पान तांब्यावर कोरून, अक्षरांसकट.

पुढं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी फोटोवरनं ब्लॉक निघायला लागले आणि पेपरांसाठी कोरणाऱ्यांचा धंदा बसला. त्याच सुमारास, १८९१ ला, विल्यम मॉरिस या इंग्रज कवी-नक्षीकाराने लंडनमध्ये केल्मस्कॉट प्रेस काढली, हाताने केलेला कागद, स्वतः आखलेली अक्षरं, सगळा हट्टच. त्याने छापलेला जुना इंग्रज कवी चॉसर १८९६ चा, ८७ चित्रं, कागदावर ४२५ प्रती, किंमत २० पौंड. इतक्या थोड्या प्रती म्हटल्यावर जमवणारे मागं लागणारच. पण त्यातली चित्रं बर्न-जोन्स या चित्रकाराने काढलेली आणि कोरली दुसऱ्यानेच, मला ते जरा खटकतं.

चित्रकार सर्रास स्वतः हत्यार धरायला लागले ते पुढच्या पिढीत. १९२० ला लाकूड कोरणाऱ्या चित्रकारांची सोसायटी निघाली, त्यातला रॉबर्ट गिबिंग्ज, त्याने १९२४ ला गोल्डन कॉकरेल प्रेस विकत घेतली. तिथला १९३१ चा, एरिक गिलने चित्रं केलेला 'फोर गॉस्पेल्स' (बायबलमधली येशूची चार चरित्रं), ५०० प्रती, बघाच एकदा (फोटोत का होईना), माणसं अक्षरांच्या दांड्यांना टेकून उभी आहेत, अक्षर कुठं संपलं नि चित्र कुठं सुरू झालं कळत नाही.

एवढं वाचल्यावर राहवेना. गणपतीला शाई लावली, वर पातळ कागद ठेवला आणि चमच्याच्या पाठीने घासला. सोंडेजवळची चीर पांढरी रेघ होऊन उमटली.