केमोची ‘सवय’ शरीराला होत नाही

‘शरीराला केमोची सवय झाली, आता गुण येणार नाही.’ वॉर्डाबाहेरच्या बाकावर हे वाक्य वर्षानुवर्षं ऐकू येतं. ते खरं नाही. बदलतात त्या कर्करोगाच्या गाठीतल्या पेशी.

सिसप्लॅटिनचं उदाहरण घ्या. १९७८ साली अमेरिकेत मान्यता मिळालेलं हे प्लॅटिनमचं औषध डीएनएला चिकटून पेशीची वाढ रोखतं. चिवट पेशी ते आत कमी घेतात, ग्लुटाथायोन या पेशीतल्याच रेणूने वाटेतच बांधून टाकतात, नाहीतर बिघडलेला डीएनए दुरुस्त करतात. म्हणून शास्त्रज्ञ औषधाचा रेणूच बदलतात. ऑक्सॅलिप्लॅटिनमध्ये धातू तोच, पण त्याला जोडलेला भाग मोठा आणि वेगळा. सिसप्लॅटिनला दाद न देणाऱ्या मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर ते चालतं! रुथेनियम या दुसऱ्या धातूच्या संयुगांच्याही रुग्णांवर चाचण्या झाल्या आहेत.

तेव्हा ‘सवय मोडायला’ म्हणून कृपा करून डोस चुकवू नका.